फारशी वाजवलेली नाही

मराठी समीक्षेनं आजवर ओव्यांची दखल घेतली, उखाण्यांची घेतली, लावण्यांची तर फारच आवडीनं घेतली. ट्रकच्या मागच्या फळीवरच्या सुभाषितांवरही कुणीतरी कुठेतरी लेख लिहून मोकळा झाला असेल. परंतु 'वापरलेली वस्तू विकणे आहे' या वाङ्मयप्रकाराकडे मात्र एकाही जाणकारानं ढुंकून पाहिलेलं नाही. ही उणीव भरून काढण्याचं काम शेवटी माझ्यासारख्या बँकेतल्या कारकुनावर यावं, याचं मलाच वाईट वाटतं. (हल्ली आमच्या पदाला 'कस्टमर सर्व्हिस असोसिएट' असं भारदस्त नाव मिळालं आहे. पण काउंटरपलीकडचा माणूस अजून 'ओ साहेब, पासबुक' असंच म्हणतो, तेव्हा आपण कारकूनच म्हणू.)

एका बी. कॉम. झालेल्या माणसाला समीक्षेचा अधिकार काय, असं कुणी विचारील. विचारू दे. वीस वर्षं मी कर्जाचे अर्ज वाचतो आहे. 'घरदुरुस्तीसाठी' असं लिहिलेल्या अर्जात मला मुलीचं लग्न दिसतं आणि 'व्यवसायवृद्धीसाठी' या शब्दामागे आधीच्या कर्जाचे तटलेले हप्ते ऐकू येतात. लेखकाला काय म्हणायचंय यापेक्षा त्याला काय लपवायचंय ते शोधायचं, एवढाच समीक्षेचा अर्थ असेल, तर माझा तिच्यातला अनुभव कुठल्याही प्राध्यापकाच्या तोडीचा आहे. फरक इतकाच, की प्राध्यापकाचा अंदाज चुकला तर चर्चासत्र होतं. माझा चुकला तर चौकशी होते.

माझा अभ्यासविषय त्यातही मर्यादित आहे. जुन्या बेस गिटारच्या जाहिराती. फक्त. साधी गिटार नाही, पेटी नाही, तबला नाही. गेले आठ महिने रोज रात्री जेवण झाल्यावर मी फोन घेऊन बसतो आणि मुंबई, ठाणे, पुणे इथलं हे साहित्य न चुकता वाचून काढतो. सौभाग्यवतींना आधी संशय आला. माणूस पंचेचाळिशीत रात्री फोन बघत हसायला लागला की कुठल्याही बायकोला येईलच. एकदा त्यांनी मागून येऊन पडद्यावर पाहिलं. तिथे एका पलंगावर फुलाफुलांच्या चादरीवर एक गिटार आडवी पडलेली होती. त्यांनी इंग्रजी अक्षरं लावून वाचलं, "बास गिटार." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "बास!" या वाद्यावरचा इतका आटोपशीर अभिप्राय मी नंतर कुठेही वाचला नाही.

या वेडाचं मूळ सांगायला हवं. कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये आमचा एक वाद्यवृंद होता. त्यात मी खुर्च्या लावायला होतो. बेस वाजवणारा वसईचा मुलगा तालमीतून चहाला गेला की गिटार माझ्या हातात देऊन जायचा. ठेवायला स्टँड नव्हता, म्हणून. एकदा मी सगळ्यांत जाड तार हळूच ओढली. आवाज कानाला आला की नाही ते सांगता येत नाही, पण चपलेच्या तळव्यातून तो वर चढला हे नक्की आठवतं. मग बँकेची परीक्षा आली, नोकरी आली, ग्रामीण शाखा आली, लग्न आलं, आणि तो आवाज तळव्यातच राहिला.

गेल्या वर्षी चिरंजीवांचे हेडफोन हाती लागले. किंमत विचारायची नाही या अटीवर ते घरात आलेले आहेत. त्यांतून मी राहुलदेव बर्मनची जुनी गाणी लावली. चाळीस वर्षं ऐकतोय ती. रेडिओवर ऐकली, कॅसेटवर ऐकली, गणपतीच्या मांडवात ऐकली. आणि त्या रात्री लक्षात आलं, की या इमारतीला तळमजला आहे. गाणारा वरच्या मजल्यावर गातोय, सतारी, व्हायोलिनं मधल्या गॅलऱ्यांत फिरताहेत, आणि खाली कुणीतरी एकटाच, न बोलता, सगळ्यांचं वजन खांद्यावर घेऊन चाललेला आहे. पंचमच्या वाद्यवृंदात बेस वाजवणाऱ्यांत टोनी वाझ यांचं नाव जाणकार घेतात. पण माझ्याकडच्या एकाही कॅसेटवर ते मला सापडलं नाही. गायक, गीतकार, संगीतकार, संपली यादी. शाखेत दिवसभराचा ताळा जुळवून देणाऱ्या माणसाचं नाव वार्षिक अहवालात नसतं, तसलाच प्रकार. मला एकदम आपला माणूस भेटल्यासारखं झालं.

तर वाद्य घ्यायचं ठरलं. ठरलं म्हणजे मी ठरवलं. रक्कम दहा हजार. ही दिवाळीच्या फेस्टिव्हल ॲडव्हान्समधून बाजूला काढलेली. नवीन बऱ्यापैकी बेस या पैशात येत नाही, म्हणून जुनी. आणि जुनीच्या बाबतीत इतिहास आपल्या बाजूला आहे. लिओ फेंडर नावाच्या कॅलिफोर्नियातल्या रेडिओ दुरुस्त करणाऱ्या गृहस्थानं १९५१ साली बाजारात आणलेल्या बेस गिटारनं या वाद्याचं नशीब उघडलं. (त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती, हे मला फार धीर देणारं वाटतं.) त्याआधी वाजवणाऱ्याला कपाटाएवढा डबल बेस गावोगाव वाहून न्यावा लागे. बीटल्समधल्या पॉल मॅकार्टनीच्या गळ्यात हे वाद्य पडलं ते दुसरं कुणी घ्यायला तयार नव्हतं म्हणून. १९६१ साली हँबुर्गमध्ये त्यानं सुमारे ३० पौंडांना एक बेस घेतली. ती १९७२ साली लंडनमध्ये चोरीला गेली आणि २०२४ साली सापडल्याचं जाहीर झालं. कुठे होती? इंग्लंडातल्या एका घराच्या माळ्यावर! अमेरिकेतला जॅको पास्टोरियस हा तर बेसवाल्यांचा देव. त्यानं त्याची १९६२ सालची बेस ९० डॉलरला मिळवली असं तो सांगत असे. पट्ट्या काढून टाकलेल्या अवस्थेतच त्यानं ती वाजवली. तीही १९८६ साली न्यूयॉर्कमध्ये चोरीला गेली आणि वीसेक वर्षांनी उगवली. माझ्यासारख्या माणसानं असं काही वाचलं, की डोंबिवलीतल्या प्रत्येक माळ्यावर त्याला एकेक बेस दिसायला लागते.

आता मूळ साहित्याकडे वळू. या प्रकारातलं सर्वांत लोकप्रिय वाक्य म्हणजे 'फारशी वाजवलेली नाही'. वधूवर सूचक मंडळाच्या जाहिरातीतलं 'नाममात्र घटस्फोटित' आणि हे वाक्य, ही एकाच आईची लेकरं. दोन्हींत काहीतरी झालं होतं हे कबूल आहे, पण त्याचा फार बाऊ करू नये अशी विनंती आहे. मी सुरुवातीला या वाक्याला विक्रीचं वाक्य समजत होतो. पन्नासेक जाहिराती वाचल्यावर माझं मत बदललं. 'मोटरसायकल फारशी चालवलेली नाही' ही मालाची स्तुती असते. 'गिटार फारशी वाजवलेली नाही' यात माल बाजूला राहतो आणि मालकच पुढे येतो. याच्या खाली बहुधा 'टाळेबंदीत घेतली होती' असं असतं. २०२० साली घराघरांत माणसांनी काय काय शिकायचं ठरवलं होतं, त्याचा हिशेब कुठल्याही सरकारी खात्याकडे नसेल. तो इथे आहे, फोटोसकट.

फोटो हा या वाङ्मयाचा अविभाज्य घटक. गिटार पलंगावर झोपवलेली असते, भेटीच्या वेळेत पाहायला गेलेल्या पेशंटसारखी. चार तारांपैकी तीन असतात. मागे हमखास व्यायामाची सायकल आणि तिच्यावर वाळत घातलेले टॉवेल. ती सायकलही फारशी चालवलेली नसते. कधी कधी लेखक कल्पक असतो आणि गिटार गच्चीत सूर्यास्तासमोर उभी करतो. अशा वेळी मी ताबडतोब पुढच्या जाहिरातीकडे जातो. कर्जाच्या अर्जाला रंगीत फोल्डर लावलेला असला की आमचे मॅनेजर अधिक बारकाईनं बघतात, त्याच न्यायानं.

'परदेशी जात असल्यानं विकणे' हा प्रकार प्रांजळ, पण त्यात किंमत ठाम असते. 'फक्त गंभीर ग्राहकांनी संपर्क साधावा' या वाक्यानं मी नेहमी बिचकतो, कारण मी मुळात विनोदी लेखक आहे. आणि किंमतीचं म्हणाल, तर तिथे वाणिज्य शाखेच्या माणसाला अश्रू आवरत नाहीत. आम्हाला घसाऱ्याच्या दोन पद्धती शिकवल्या. एकीत वस्तूची किंमत दरवर्षी सारखी उतरते, दुसरीत ती उतरत्या शिलकीवर उतरते. विकणारे लोक तिसरी पद्धत वापरतात. तिच्यात किंमत वाढते, कारण गिटार मामानं दिलेली असते.

व्हिडिओ जोडलेली जाहिरात असली तर आणखी पंचाईत. बेसच्या जाड तारेचा सूर सेकंदाला ४१ कंपनांच्या आसपास असतो. फोनच्या चिमुकल्या कर्ण्यातून तो बाहेरच पडत नाही. म्हणजे विकणारा जीव तोडून वाजवतोय आणि आपल्याला ऐकू येतं ते नखांचं टकटक, मागचा कुकर आणि "अरे, बंद कर ते" असा एक वत्सल आवाज. ज्या कलाकृतीचा आशयच पोहोचत नाही तिची समीक्षा करायची, हे मराठीत नवीन नाही म्हणा. पण तिथे निदान दहा हजार रुपये द्यायचे नसतात.

आता माझ्या संशोधनातला महत्त्वाचा निष्कर्ष, जो मी आजवर कुणाला सांगितलेला नाही. इंग्रजीत या वाद्याचं नाव लिहितात बी-ए-डबल एस. वाचायला जावं तर 'बास'. पण उच्चार आहे 'बेस', पाया या अर्थाच्या शब्दासारखा. पुस्तकात बघून लिहिणारा माणूस बरोबर लिहितो. ज्यानं हे नाव आयुष्यभर फक्त कानानं ऐकलेलं आहे, स्टेजच्या मागे, टेम्पोत, रात्री दोनच्या चहाच्या टपरीवर, तो लिहितो बी-ए-एस-ई. म्हणजे ज्याचं स्पेलिंग चुकतं त्यानं वाद्य वाजवलेलं असण्याची शक्यता जास्त. शिवाय बरोबर स्पेलिंग घालून शोधणाऱ्यांना ती जाहिरात दिसत नाही, त्यामुळे ती पडून राहते आणि किंमत उतरते. तेव्हापासून मी फक्त चुकीचं स्पेलिंग घालून शोधतो. (शाळेत याच कारणासाठी मला अंगठे धरून उभं केलं होतं.)

पण या शहाणपणाच्या आधी एक प्रकरण झालं ते लपवण्यात अर्थ नाही. एके रात्री एक अस्सल अमेरिकन बेस दिसली. किंमत बारा हजार. स्पेलिंग अचूक, फोटो सुंदर, सूर्यास्तासकट. नियमाप्रमाणे मी पुढे जायला हवं होतं. पण सूर्यास्तही फार सुंदर होता. फोन केला. पलीकडून करारी आवाज, "सर, मैं फौजी हूँ. बदली हो गई है." गणवेशातला फोटो आला, ओळखपत्राचा आला. लष्करी छावणीतून सामान बाहेर काढायला गेट पास लागतो, त्याचे २,१५० रुपये आधी पाठवा, वस्तू मिळाल्यावर परत. मी उभा राहून पैसे पाठवले. उभा राहून, कारण फौजी म्हटल्यावर बसवेना. दहा मिनिटांनी फोन आला, आता विम्याचे ४,३०० पाठवा. तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर आमच्याच शाखेतली भिंत आली. 'अनोळखी व्यक्तीला आगाऊ रक्कम पाठवू नका.' ती सूचना स्टुलावर चढून मी स्वतः चिकटवलेली आहे. दर महिन्याला पेन्शनर मंडळींना जमवून 'पैसे घ्यायला पिन टाकावा लागत नाही, पिन टाकला की पैसे जातात' हे प्रवचन देतो तोही मीच. सायबर गुन्ह्यांच्या १९३० या क्रमांकावर मी बाथरूममधून तक्रार नोंदवली. पलीकडच्या मुलीनं आदरानं विचारलं, "सर, आपला व्यवसाय?" मी म्हटलं, "शेती."

उरले सात हजार आठशे पन्नास. वरचे दीडशे चिरंजीवांनी 'तोंड बंद ठेवण्याचे' म्हणून घेतले. ते बाथरूमच्या बाहेरच उभे होते.

यानंतर मी स्वस्त मालाविषयी विचार करू लागलो. बँकेत आम्ही थकलेल्या कर्जापोटी ताब्यात घेतलेल्या घरांचे लिलाव करतो. मूल्यांकनाच्या अहवालात दोन आकडे असतात. एक बाजारभाव, आणि दुसरा, निकड असताना विकलं तर काय येईल तो. दोहोंतला फरक ज्याच्या खिशात जातो तो बाहेर येऊन सांगतो, "काय डील मिळालं!" मी ते आकडे वीस वर्षं टाईप करतोय आणि कधी काही वाटलं नव्हतं. रात्री जाहिराती वाचताना मात्र वाटायला लागलं. सगळ्यांत स्वस्त जाहिराती नेहमी सगळ्यांत छोट्या असतात. ज्याला घाई आहे तो विशेषणं घालत बसत नाही.

अशीच एक मुलुंडची जाहिरात दिसली. 'बेस गिटार. चालू आहे. ५,५००.' स्पेलिंग चुकलेलं. फोटो एकच, हललेला. त्या हललेल्या फोटोतही तिच्या डोक्याचा आकार बघून माझ्या छातीत धडधडलं. रविवारी सकाळी मी मुलुंडला हजर.

जुनी तीनमजली इमारत. दारावर सोसायटीची पुनर्विकासाची नोटीस. दार उघडलं ते पंचाहत्तरीच्या पुढच्या गृहस्थांनी. घरात सगळीकडे दोरीनं बांधलेली खोकी. कोपऱ्यात सोलापुरी चादरीत गुंडाळलेलं एक लांबट बोचकं. काकांनी ते लहान मुलाला झोपेतून उचलावं तसं उचलून पलंगावर ठेवलं आणि चादर बाजूला केली. यामाहाची, बीबी मालिकेतली. मी डोकं उलटं करून पाहिलं. मेड इन जपान.

"८४ साली आणली," काका म्हणाले. "ऑर्केस्ट्राचा आखाती देशांत दौरा होता. येताना सगळ्यांनी टेपरेकॉर्डर आणले, मी ही आणली. हिनं सहा महिने अबोला धरला होता."

"आठ," आतून काकूंचा आवाज आला.

मी पुस्तकात वाचल्याप्रमाणे तपासणी केली. मान वाकलेली नाही ना, हे एका डोळ्यानं पाहिलं. खुंट्या फिरवल्या. जोडणीच्या भोकात पिन हलवून खरखर ऐकली. तिसऱ्या आणि पाचव्या घराच्या पट्ट्या तारेखाली पार झिजलेल्या होत्या. मग काकांनी एका जुन्या ॲम्प्लिफायरची वायर लावली, गिटार मांडीवर घेतली आणि दोन बोटांनी वाजवायला सुरुवात केली. काही विशेष नाही, साधीच चाल, चार स्वर जाताना आणि चार येताना. मांडणीवरचे स्टीलचे डबे गुणगुणायला लागले. खिडकीची काच लागली. मी चपला दाराशी काढून आलो होतो, त्यामुळे या वेळी मध्ये काहीच नव्हतं.

"मला ऐकू कमी येतं हो," काका वाजवता वाजवता ओरडून म्हणाले. "कानाचा डॉक्टर म्हणाला, वयाबरोबर आधी वरचे सूर जातात. पाखरं गेली, फोनची रिंग गेली. ही काय बोलते ते तर केव्हाच गेलं. पण हे अजून येतं!"

"मग विकता का?"

"मुलीकडे चाललोय तीन वर्षं. तिची दोन खोल्यांची जागा. ही कुठे ठेवू? आणि सामान ठेवायला एक खोली भाड्यानं घ्यायचीय, तिचं डिपॉझिट. भाचा म्हणाला, जुनी वस्तू आहे, पाच-साडेपाच आले तर देऊन टाका."

आता वाचकहो, इथे जरा थांबावं लागेल. आठ महिने मी याच दिवसासाठी अभ्यास केला होता. ती गिटार चाळीस हजारांच्या खाली द्यायची वस्तू नाही हे मला ठाऊक होतं, काकांना ठाऊक नव्हतं. माझ्या खिशात साडेसात हजारांवर रोख होते. मला बी. कॉम.ला वस्तुविक्रीचा कायदा होता. खरेदीदारानं सावध राहावं हे त्यातलं तत्त्व पाठ करून मी दहापैकी आठ मार्क मिळवले होते. विकणाऱ्याला खरेदीदारानं सावध करावं, असं त्यात मला कुठे आठवेना. हा कायदाही १९३० सालचाच. हा आकडा माझ्या पाचवीला पुजलेला दिसतो. काकूंनी चहा आणला. मी तो मुद्दाम बशीत ओतून प्यायलो. वेळ जातो.

माझ्या मनात एक फार सोयीस्कर विचार येऊन गेला. आपण घेतली तर ती निदान वाजवली जाईल. हा विचार चांगला होता, फक्त खोटा होता. मला वाजवता येत नाही. मी सहा महिन्यांनी तिला पलंगावर झोपवून तिचा फोटो काढणार आणि खाली ते सुप्रसिद्ध वाक्य लिहिणार, हे मला त्या बशीत स्वच्छ दिसलं. दोन हजार एकशे पन्नास रुपयांच्या त्या फौजीला माझ्याविषयी जेवढं माहीत होतं, तेवढंच मला काकांविषयी माहीत होतं. या माणसाला गरज आहे, एवढंच.

"काका," मी म्हटलं, "ही साडेपाचाची नाही."

"पाच देताय? द्या."

"तसं नव्हे. ही चाळीसची आहे."

"काय म्हणताय?" त्यांनी कानाला हात लावला. आकडाही वरच्या सुरातला असावा.

"चाळीस हजार!" मी ओरडलो. काकू स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. अबोल्याचे आठ महिने त्यांच्या चेहऱ्यावरून भराभर उतरताना दिसले.

"मग तुम्ही चाळीस देणार?" काकांनी आशेनं विचारलं.

"नाही हो. माझ्याकडे साडेसात आहेत."

थोडा वेळ कुणीच बोललं नाही. काका गिटारकडे आणि माझ्याकडे आळीपाळीनं बघत होते. हा माणूस वेडा आहे की लबाड, हे त्यांना ठरवायचं होतं. मग म्हणाले, "बँकेत आहात म्हणालात ना? मग तुम्हीच लिहून द्या नवी जाहिरात."

आणि अशा रीतीनं समीक्षकावर लेखक होण्याची पाळी आली. पहिला खर्डा मी पाऊण पान लिहिला. त्यात ऐंशीचं दशक, स्टेजवरचे दिवे आणि काळाचा ओघ हे सगळं होतं. काकांनी चष्मा लावून वाचला आणि विचारलं, "कुणी वारलंय का?" दुसरा लिहिला, त्यात मी 'गंभीर ग्राहकांनीच' हे वाक्य कधी घातलं मलाच कळलं नाही. फोटो काढायला गेलो तर उजेड फक्त पलंगावर होता. तेव्हा गिटार आडवी झोपवली. खाली सोलापुरी चादर. मागचं खोकं बाजूला केलं, तर त्यामागे व्यायामाची सायकल निघाली.

"लिहा," मी शेवटी म्हटलं, "फारशी..." आणि थांबलो. पट्ट्यांवरचे ते दोन खड्डे समोर होते.

"भरपूर वाजवलेली आहे म्हणून लिहा की," काका म्हणाले. "त्यात काय लपवायचं?"

आठ महिन्यांच्या वाचनात हे वाक्य माझ्या नजरेला एकदाही आलेलं नव्हतं. शेवटी जाहिरात अशी झाली: 'बेस गिटार. जपानी. १९८४ पासून एकाच हातात. भरपूर वाजवलेली आहे. घराचा पुनर्विकास असल्याने विकणे आहे. येऊन वाजवून पाहावी. ४२,०००.' वरचे दोन हजार काकूंचे. कमी करायला काहीतरी हवं म्हणाल्या. निघताना काकांनी मला ती तार एकदा ओढू दिली. डब्यांपैकी एक बारका डबा थरथरला. "जमेल," काका म्हणाले. त्यांना कमी ऐकू येतं हे मी वर सांगितलंच आहे.

रात्री घरी जाहिरात उघडून पाहिली. सगळं मी लिहिलं तसंच होतं, फक्त माझं बरोबर स्पेलिंग खोडून काकांनी स्वतःचं घातलं होतं.

बुधवारी त्यांचा फोन आला. अडतीसला गेली. पुण्याहून एक मुलगा आला होता, दीड तास बसून वाजवत होता, शेवटी हिनं त्याला जेवायलाच वाढलं. "तुमची आठवण काढली," काका ओरडून म्हणाले. माझ्या टेबलापाशी रांगेत उभ्या असलेल्या सहा जणांनीही ते ऐकलं.

सौ.ना मी सगळी हकिगत सांगितली. फौजीचा भाग वगळून. त्या म्हणाल्या, "साडेपाचाला घेऊन आला असतात, तर मी घरात घेतली नसती." मग भाजी निवडून होईपर्यंत काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "आणायला हवी होतीत पण." बँकेत ताळा जुळल्याशिवाय उठता येत नाही. मी उठलो.

परवा रात्री बदलापूरची एक जाहिरात दिसली. स्पेलिंग चुकलेलं आहे. फोटोत तारा तीनच आहेत. साडेसहा म्हणतोय. रविवारी सकाळच्या गाडीनं जाऊन बघून यावं म्हणतो.